मुक्ताच्या वयाची मुलगी

१८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुलगी मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, वय अवघे चौदा. मुक्ता साळवे हे तिचे नाव. दलित साहित्याच्या इतिहासात या निबंधाचे स्थान काय, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. परंतु एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा निबंध एका शाळकरी मुलीचा आहे. आजच्या हिशेबाने ती आठवीत असती. या वयाच्या मुलीने आपल्या मनातले दुःख ओळखले, त्याला शब्द दिले, ते आपल्या एकटीचे नाही हे जाणले, आणि ते कोणी लादले याचे बोटही नेमके रोखले. उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांची वेदना तिने मांडली ती दयेसाठी नव्हे, जाब विचारण्यासाठी.

हे तिला साधले कसे? ती असामान्य होती, एवढे म्हणून सुटता येणार नाही. तिच्यापुढे एक वर्ग होता, तिचे ऐकणारे शिक्षक होते, आणि बोलल्याबद्दल तिला शिक्षा होणार नाही याची हमी त्या वर्गाच्या चार भिंतींपुरती तरी होती.

आज शिक्षणक्षेत्रात ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ हा शब्द फार ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा उल्लेख आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यावर तास होतात. सहावी ते आठवीच्या मुलींचे मन जपावे, त्यांना आपल्या भावना ओळखता याव्यात, असे सांगितले जाते. सांगणे योग्यच आहे. परंतु बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या, मुक्ताच्या वयाच्या मुलीला या शिक्षणाचा उपयोग कधी होईल आणि कधी होणार नाही, हा खरा प्रश्न आहे. तो सोडवायचा तर आधी त्या मुलीच्या आयुष्यात डोकवावे लागेल.

१

दिवाळीची सुट्टी संपते आणि शाळेचे दुसरे सत्र सुरू होते. त्याच सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. बालाघाटाच्या डोंगरातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून निघतात. त्यांत भांडीकुंडी असते, जळण असते, शेळ्या-कोंबड्या असतात, म्हातारी माणसे असतात आणि पोरेही असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र आणि ऊसतोडीचा हंगाम हे एकच आहेत. शिक्षणखात्याचे वर्ष आणि कारखान्याचे वर्ष एकमेकांवर आदळतात, आणि मध्ये सापडते ती मुलगी.

या व्यवसायाची भाषाच बोलकी आहे. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. एकट्या माणसाचा ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ मिळते ती कोयत्यावर. एक दिवस काम चुकले तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. या भाषेत माणूस नाहीच, फक्त अवजार आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी या हिशेबात केवळ खाणारे तोंड असते. तिचे लग्न लावले की ती अर्धा कोयता होते, आणि दोन अर्धे मिळून एका उचलीची सोय होते. बालविवाहाला आपण रूढी म्हणतो. इथे तो रूढीइतकाच रोजगाराचा करार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयोगटातल्या ४३.७ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के, म्हणजे बरोबर निम्मा. याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. आणि २०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा त्रास, अंगावरचे जाणे, खाड्याची धास्ती, आणि खाजगी दवाखान्याने घातलेली कर्करोगाची भीती, अशी त्यामागची कारणे पुढे आली.

हे तीन आकडे आपण निरनिराळ्या लेखांत वाचतो. त्या मुलीच्या घरात ते एकत्र नांदतात. आपण मुलगी म्हणून जन्माला आलो हेच नशीब, असे तिला ऐकवले जाते. आईचे शरीर तिशीतच कसे थकले हे ती पाहते. आणि दिवाळी जवळ आली की घरात पाहुणे का येऊ लागले, हे तिला न सांगता कळते.

२

हंगामात या मुलीपुढे तीन वाटा असतात.

पहिली, आईबापाबरोबर फडावर जाणे. तिथे ती ऊस तोडत नसेल, पण धाकटे भावंड सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते, गरज पडली की मोळ्या बांधायला हात लावते. कोपीला दार नसते. आईबाप पहाटेच्या अंधारात निघून जातात आणि ती कोपीत एकटी उरते. पाळी आली तर आडोसा नाही, पाणी नाही.

दुसरी, आजी-आजोबांपाशी गावात राहणे. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत ती अशा मुलांसाठीच. बऱ्याच गावांत वसतिगृह म्हणजे शाळेत मिळणारे दोन वेळचे जेवण, आणि रात्री झोपायला म्हाताऱ्यांपाशी. मग बारा वर्षांची मुलगी घरातली कर्ती बाई होते. आजीचे औषध, भावाचे दप्तर, शेळीचा चारा, सारे तिच्याकडे. आईचा फोन आला की ‘सगळं बरं हाय’ म्हणायचे, हे तिला कोणी शिकवलेले नसते.

तिसरी वाट लग्नाची.

या तिन्ही वाटांवर तिच्या मनात काय चालते, याची नोंद कुठल्याही हजेरीपटात नाही. गुरुजी म्हणतात, ही पोरगी घुमी आहे, बोलत नाही, लक्ष देत नाही. इथे नीट समजून घ्यायला हवे. तिच्या गप्प बसण्यामागे लाजरेपणा असेलही, पण त्याहून अधिक त्यामागे हिशेब आहे. समजा, शाळेच्या वाटेवर कोणी तिला छेडले. तिने घरी सांगितले तर काय होईल? त्या पोराला जाब विचारला जाईल की नाही, ते सांगता येत नाही. तिची शाळा मात्र नक्की बंद होईल, आणि वर्षाच्या आत हळद लागेल. ‘लेकीची जात, कुणापाशी ठेवायची?’ हा आईचा प्रश्न खोटा नाही. सोडून जावे तर धोका, बरोबर न्यावे तर धोका. या धोक्याचा सगळा भार शेवटी मुलीच्या तोंडावर कुलूप होऊन बसतो. बोलली तर शाळा जाते, म्हणून ती बोलत नाही.

दलित मुलीच्या बाबतीत या कुलपाला आणखी एक किल्ली लावलेली असते. शिष्यवृत्तीची यादी वर्गात जातीसकट मोठ्याने वाचली जाते, तेव्हा खाली जाणारी मान ही शिस्तीची खूण नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट आणि शिपायाच्या हातचे पाणी यांची हकीकत लिहून ठेवली आहे. एवढ्या प्रखर बुद्धीच्या माणसालाही ते पन्नाशीच्या वाटेवर विसरता आले नव्हते. लहान वयात झालेला अपमान अंगात मुरतो. कुमुद पावडे यांनी आपल्या १९८१ च्या पुस्तकाला ‘अंतःस्फोट’ हे नाव दिले. तो शब्द नीट पाहावा. जे बाहेर बोलता येत नाही ते आत फुटते.

३

आता हे सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणजे काय, ते पाहू. अभ्यासक त्याची पाच अंगे सांगतात. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, त्याला आवर घालता येणे, दुसऱ्याचे मन जाणणे, माणसांशी नाते जोडणे आणि टिकवणे, आणि विचारपूर्वक निर्णय घेणे. ही यादी १९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एका संस्थेच्या कामातून रूढ झाली. पुढे १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरचे पुस्तक गाजले, आणि हा विचार कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत जाऊन पोहोचला. त्यामुळे हे सारे सुखवस्तूंचे खूळ आहे असे आपल्या कार्यकर्त्यांना वाटते, यात नवल नाही.

पण त्याचे मूळ वेगळ्याच वस्तीत आहे. जेम्स कोमर हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. वडील पोलाद कारखान्यात मजूर, आई लोकांच्या घरी काम करणारी. १९६८ साली येल विद्यापीठातर्फे त्यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन शाळा हाती घेतल्या. मुले जवळजवळ सारी काळी आणि गरीब, शहरातल्या सर्वांत मागे पडलेल्या शाळा. ही मुले मठ्ठ किंवा उनाड आहेत, असे शिक्षकांचे मत. कोमर म्हणाले, मूल ज्या जगातून येते ते जग शाळेला परके आहे, आणि शाळा त्या मुलाला परकी आहे. आधी हे अंतर तोडा. त्यांनी आईबाप, शिक्षक आणि मानसशास्त्राचे जाणकार यांना एका टेबलाशी बसवले आणि एक नियम घातला, की कोणी कोणाला दोष द्यायचा नाही, प्रश्न सोडवायचा. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या शाळांचे निकालही सुधारले आणि वर्तनही.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे नाते उलगडून सांगायला नको. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरच्या नावाचा धागा धरून. काळ्या वस्त्यांतून आपण विद्रोह घेतला. त्याच वस्त्यांतल्या शाळांनी मुलांच्या मनाविषयी जे शोधले, ते मात्र आपल्याकडे पन्नास वर्षे उशिरा, तेही गोऱ्या वेष्टनात गुंडाळून आले. वेष्टन काढून टाकावे. आतली वस्तू आपल्या कामाची आहे.

४

आपल्याकडे अगदीच काही झाले नाही असे नाही. बीड जिल्ह्यातच २००९ साली शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने पाचशे जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता ही संविधानातली मूल्ये मुलांनी पाठ न करता वागण्यातून शिकावीत, हा त्याचा गाभा. जोडीने चर्चा करणे, गटात काम करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेणे, अशा छोट्या कृती त्यात होत्या. पुढे २०१५ नंतर शासनाने तो टप्प्याटप्प्याने राज्यभर नेला. भर प्राथमिक वर्गांवर होता, ही त्याची मर्यादा. पण जिल्हा परिषदेचा साधा शिक्षक हे काम करू शकतो, एवढे बीडने राज्याला दाखवून दिले.

बीडहून औरंगाबादकडे (आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे) जाताना वाटेत पाचोड लागते. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गावोगावच्या बिनलग्नाच्या मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, सुमारे वर्षभर. शिकवणाऱ्या बाया त्याच गावांतल्या. शरीर, पाळी, आहार, कायदा, पैसा, आणि घरात आपले म्हणणे कसे मांडावे, असा सारा मेळ. काही वर्षांत त्या गावांतले मुलींच्या लग्नाचे वय सुमारे एका वर्षाने पुढे गेले. एक वर्ष म्हणजे फार नाही, असे कोणी म्हणेल. सोळाव्या वर्षी होणारे बाळंतपण सतराव्यावर जाणे म्हणजे काय, हे त्याने एखाद्या सुईणीला विचारावे.

तिसरे उदाहरण बिहारचे. तिथल्या सत्तावन्न सरकारी शाळांतल्या दोन हजारांहून अधिक मुलींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक स्त्रियांनी पाच महिने मुलींचे वर्ग घेतले. मुलींचा आत्मविश्वास वाढला, संकटात तग धरण्याची ताकद वाढली, माणसांत मिसळणे वाढले. परंतु उदासीवर, म्हणजे खिन्नतेच्या विकारावर, परिणाम दिसून आला नाही. अभ्यासकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले. या ओळीवर आपण थांबले पाहिजे. मुलीला बळ आले, पण तिच्या दुःखाची कारणे होती तिथेच होती. पाच महिन्यांच्या तासांनी ती हलणार नव्हती.

शासनाच्या योजनाही आहेत. मीना-राजू मंच आहे. २०२२ च्या निर्णयानुसार प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहे मंजूर झाली. समितीची नावे भिंतीवरच्या फलकावर रंगवली म्हणजे समिती झाली असे नव्हे. पण कागदावर जे आहे ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि कार्यकर्त्याने तिथूनच सुरुवात करावी.

५

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

या शिक्षणात एक धोका आहे आणि तो आपल्या मुलींच्या बाबतीत सर्वांत मोठा आहे. ‘डोळे मिट, दीर्घ श्वास घे, राग जाऊ दे’ असे आपण तिला शिकवतो. श्वास घेणे चांगलेच. पण तिचा राग खरा असेल तर? तिचे लग्न ठरवले जात आहे म्हणून ती चिडली असेल, मास्तरांनी तिला जातीवरून टोमणा मारला म्हणून ती धुमसत असेल, तर तो राग शांत करणे हे शिक्षण नव्हे. सोसण्याची तालीम तिला घरात, गावात, जात्यावर, फडावर पिढ्यान्‌पिढ्या मिळालेलीच आहे. तीच तालीम शाळेने शास्त्रीय नावाने पुन्हा द्यायची असेल, तर असे शिक्षण नसलेले बरे.

दलित साहित्याने मराठीला नकार आणि विद्रोह ही दोन मूल्ये दिली. आपण ती कवितेत वापरली, सभांमध्ये वापरली. घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी तो ‘नाही’ किती घरांनी येऊ दिला? भावनिक शिक्षणाची कसोटी मी एवढीच मानतो, की मुलीला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि ती ‘नाही’ म्हणाल्यावर तिच्या पाठीशी कोणीतरी उभे राहिले पाहिजे. यातला दुसरा भाग नसेल तर पहिला शिकवणे हा तिच्या जिवाशी खेळ आहे. ‘मन मोकळे कर’ असे सांगून तिला बोलते करायचे, आणि ती बोलल्यावर ते घरी कळवून मोकळे व्हायचे, यात तिची शाळा जाते. तिच्या गप्प बसण्याचा हिशेब बरोबर होता, असेच मग सिद्ध होते.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी तिच्या बोलण्याचे परिणाम कोण झेलणार ते ठरवावे, मग तिला बोलायला सांगावे.

६

शब्दांविषयी थोडे. भावनांचे तक्ते शाळांत लागतात. त्यांवर ‘चिंता’, ‘नैराश्य’, ‘उत्साह’ असे पुस्तकी शब्द असतात. मुलगी ते पाठ करते आणि परीक्षेत लिहिते. तिच्या घरची बोली याहून कितीतरी श्रीमंत आहे. धसका, हुरहूर, जीव घाबरा होणे, काळीज हलणे, करमत नाही, कसनुसं होतंय, जीव लागत नाही. ट्रक दूर गेल्यावर होते ती हुरहूर. अंधारात कोपीबाहेर पाऊल वाजले की बसतो तो धसका. या दोन गोष्टी ‘चिंता’ या एका शब्दात कोंबता येत नाहीत. मुलीला तिच्याच बोलीत सांगू द्यावे. ती ‘अशुद्ध’ बोलते म्हणून तिला थांबवणारा शिक्षक तिच्या भाषेबरोबर तिचे मनही बंद करतो.

आपल्या आज्यांपाशी दुःख बोलायची एक जागा होती. पहाटेचे जाते. तिथे पुरुष नसत, आणि ओवीत सांगितलेल्या गोष्टीबद्दल कोणी जाब विचारत नसे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात दलित बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत माहेर-सासर होते तसे बाबासाहेबही होते. खाजगी सल आणि समाजाचा लढा एकाच गळ्यातून येत होते. पुढे गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते योग्यच झाले. पण ती जागाही गेली. आजच्या मुलीला दळावे लागत नाही, आणि बोलायलाही कुठे जागा नाही. शाळेने ती जागा व्हावे, एवढीच मागणी आहे.

आणि थोडे आपल्या घराविषयीही. ‘विटाळ’ या शब्दाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले. तो शब्द आपण पाण्यावरून, देवळावरून, हॉटेलातल्या कपबशीवरून पुसला. मग पाळीच्या चार दिवसांत आपल्याच वस्तीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, मुलीला बाजूला बसवताना तो परत कुठून येतो? पाळी येणे हा मुलीच्या आयुष्यातला पहिला मोठा भावनिक प्रसंग असतो. तेव्हा तिला भीती, लाज आणि गुपित मिळाले, तर पुढची सारी वर्षे ती आपल्या शरीराशी परकी होते. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी असे सांगितले, आणि मुलींची लग्ने घाईने करू नका असेही बजावले. ते वाक्य आपण फलकांवर लिहितो. ते घरात लागू करायचे राहिले आहे.

७

मग शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने करावे काय? मोठ्या योजनेची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे.

आठवड्यातून एक तास ठरवावा आणि तो कधीही गणिताला देऊ नये. सर्वांनी जमिनीवर गोल बसावे, शिक्षकानेही. पहिला प्रश्न हलका असावा: या आठवड्यात जीव कशात रमला? कशाने दचकला? ज्याला बोलायचे नाही त्याने ‘पुढे’ म्हणावे. न बोलण्याचाही हक्क हवा. एक बोलत असताना दुसऱ्याने हसायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. हळूहळू मुली आपल्या गोष्टी ‘एका मुलीची गोष्ट’ म्हणून सांगू लागतात. तशीच सांगू द्यावी, नाव विचारू नये.

या तासाला मुलगेही हवेत. पाळीसारख्या काही विषयांसाठी मुलींची वेगळी बैठक घ्यावी. पण छेड काढणारा पोरगा याच वर्गातून तयार होतो, आणि त्याला वेळीच शिकवले नाही तर मुलीला किती शिकवले तरी वाट तीच राहते.

गुप्ततेविषयी आधीच खरे सांगावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलीला म्हणावे, ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला पुढे जावे लागेल, पण तुला विचारल्याशिवाय, तुला सांगितल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही.’ हा शब्द मोडला तर पुन्हा तो वर्ग बोलणार नाही.

दिवाळीच्या आधीचा महिना सर्वांत महत्त्वाचा. कोण जाणार, कोण राहणार, कोणाकडे पाहुणे येऊन गेले, याची यादी शिक्षकाच्या मनात असावी. आया गावात असतात तेव्हाच त्यांची बैठक घ्यावी. त्यांना उपदेश करू नये. कोमर यांचा नियम इथेही लागू आहे: दोष द्यायचा नाही. ‘तुमची लेक इथे राहिली तर रात्री ती कोणापाशी झोपेल, वाटेने कोणाबरोबर येईल, आजारी पडली तर कोण नेईल’ याचे उत्तर शाळा, अंगणवाडीताई, आशाताई आणि वस्तीतली एखादी वडीलधारी बाई यांनी मिळून द्यावे. आईचा धसका कमी झाला तरच मुलीचे लग्न लांबते. मुलीच्या मनाचे आरोग्य आईच्या भयाशी असे बांधलेले आहे.

मागे राहिलेल्या मुलीला आठवड्यातून एकदा शाळेच्या वेळेत आईशी फोनवर बोलू द्यावे, आणि ‘सगळं बरं हाय’ याशिवाय एक तरी खरी गोष्ट आईला सांग, असे तिला सुचवावे. फडावरून परतणाऱ्या मुलीचे स्वागत व्हावे. ‘कुठं होतीस इतके दिवस?’ हा प्रश्न वर्गात विचारू नये. सहा महिने ती काय शिकून आली ते विचारावे. उसाच्या जाती, मोळीचे वजन, टनाचा भाव, कानडी भाषेतले शब्द, या साऱ्यांत गणित आणि भूगोल आहे.

लग्न ठरल्याचे कळले तर वेळ दवडू नये. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, १०९८ हा क्रमांक आहे, गावात ग्रामसेवक (त्यालाच आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) बालविवाह प्रतिबंधासाठी जबाबदार आहे. मात्र लग्न थांबवणे म्हणजे काम संपले असे नव्हे. पोलीस निघून गेल्यावर ती मुलगी त्याच घरात, त्याच रागावलेल्या बापासमोर उरते. खर्च बुडाला म्हणून ऐकून घेते. त्या पुढच्या महिनाभरात रोज तिच्या घरी जाणारे कोणीतरी हवे, आणि तिची वसतिगृहातली जागा आधी पक्की हवी. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला ‘शांतिवन’सारखी ऊसतोड कामगारांच्या मुलांची संस्था उभी राहिली, ती ही जागा कुठेतरी असावी म्हणूनच. पण एका संस्थेवर जिल्ह्याचे ओझे टाकता येत नाही. मंजूर झालेली सर्व वसतिगृहे चालू झाली का, त्यांत मुलींच्या जागा किती, रात्री स्त्री-अधीक्षक हजर असते का, हे प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांना विचारत राहणे हेही भावनिक शिक्षणाचेच काम आहे.

शेवटी शिक्षकाविषयी. जो शिक्षक स्वतः अपमान गिळून, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची सारी कामे ओढून थकला आहे, त्याला मुलींचे मन सांभाळ असे सांगणे सोपे आहे. केंद्रातल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा आपसांत असे गोल बसावे. ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याला दुसऱ्याचे ऐकणे अवघड जाते.

मुक्ता साळवेच्या निबंधाला पावणेदोनशे वर्षे होत आली. तो निबंध आपण अभ्यासक्रमात लावला, त्यावर परिसंवाद घेतले. आता एक साधे काम करून पाहावे. येत्या दिवाळीच्या आधी, बालाघाटातल्या एखाद्या शाळेत, आठवीच्या मुलींना कोरे कागद द्यावेत आणि सांगावे: नाव लिहू नका, तुमच्या दुःखाविषयी लिहा. आणि कागद गोळा करण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा. यात जे लिहिलेले असेल, ते वाचून उद्या सकाळी मी काय करणार आहे?

त्या प्रश्नाचे उत्तर असेल, तरच कागद वाटावेत.